थोरलीच्या खाली

पृथ्वीराजानं आजऱ्यात जे केलं ते बाळाबाईच्या घशाखाली अजून उतरत नव्हतं. दसरा झाला, सोनं वाटून झालं, पाहुणे खाऊनपिऊन आपापल्या गावी गेले, तरी ते तिथंच अडकलं होतं, माशाच्या काट्यासारखं. गिळावं तर टोचत होतं, आणि थुंकावं तर पोटचा पोर होता.

तिथल्या काजूच्या कारखान्यात उंच चौथऱ्यावर बॉयलर चढवायचा होता. बॉयलर साखळीला लागला, वर गेला, पुरुषभर उंच झाला. मालक, कामगार, रस्त्यावरचे रिकामटेकडे, सगळे माना वर करून उभे. अशा वेळी काय होतं हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. जोतीराम मिस्त्रीच्या घरचा माणूस टोपी सारखी करतो, लटकत्या ओझ्याखाली जाऊन उभा राहतो, त्याच्या बुडाला तळवा लावतो आणि म्हणतो, वढा. मग साखळी ओढणारा ओझं आणखी हातभर वर घेतो, खालचा माणूस हसत बाहेर येतो, नारळ फुटतो, आणि मगच ते धूड आपल्या जागेवर बसतं. ही ह्या घराची जामीनकी. कागद नाही, शिक्का नाही. आमची साखळी तुटली तर आधी आम्ही मरू, एवढंच.

पृथ्वीराजानं काय केलं, तर भोवतीनं लाल फीत बांधली आणि सगळ्यांना कुत्री हाकलावीत तसं हाकललं. स्वतःही बाहेर उभा राहिला. मालक हसत म्हणाला, काय वो पावणं, तुमचाच तुमच्या साखळीवर इस्वास न्हाय व्हय? पृथ्वीराजानं त्याच्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाला, न्हाय.

ते ‘न्हाय’ एसटीच्या आधी कोल्हापुरात पोचलं. कुणीतरी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला होता, थोरल्या सुनेनं, मोनानं, तो सासूला दाखवला. एकदा दाखवून भागलं असतं, पण मोनानं तो परत लावला. मोनाच्या हाती कायम फुंकणी असायची. चुलीत नुसता धूर दिसला की ती वाकलीच.

आता तीच मोना मोटारीत पुढच्या सीटवर बसून म्हणत होती की आपण काही बोलत नाही, पण लोक बोलतात. मोटार थोरला मुलगा अमरसिंह चालवत होता. मागं बाळाबाई आणि धाकटी सून अनुजा. पृथ्वीराज पुढं टेम्पोत, थोरलीजवळ.

थोरली म्हणजे ती साखळीच. जोतीरामानं मिरजेच्या मोडीतून आणलेली चेनकप्पी. वर एक हूक, खाली एक हूक, मधे चाकांचा लोखंडी डबा, आणि दोन साखळ्या, एक हातानं ओढायची, दुसरी ओझं उचलायची. शंभर हातांचं काम दोन हातांत आणणारी, आणि हात सोडला तरी ओझं आहे तिथंच धरून ठेवणारी. बाळाबाई लग्न होऊन घरात आली तेव्हा ही आधीपासून सोप्यातल्या तुळईला टांगलेली होती. जोतीराम बाजारातनं आला की आधी हिच्याकडं बघायचा आणि मग बायकोकडं. तेव्हाच बाळाबाईनं ठरवून टाकलं की ही थोरली, आपण धाकटी. सवतीचा मत्सर तिनं पहिल्या वर्षीच करून संपवला. त्यानंतर दर खंडेनवमीला तीच हिला रॉकेलनं धुवायची, तेल द्यायची, हळदकुंकू लावायची. जोतीराम गेल्यावर अमरसिंहानं दोन हायड्रा क्रेन घेतल्या, पण शेडात, बोळात, विहिरीत, जिथं क्रेनची सोंड शिरत नाही तिथं अजून थोरलीच जायची.

यंदाच्या खंडेनवमीला फुलं वाहून झाल्यावर बाळाबाईनं दोघा लेकांसमोर सांगून टाकलं होतं. कोडोलीला वर्धमान आण्णाच्या गुऱ्हाळावर ऊस पिळायचा नवा चरक बसवायचाय. तिथं जो खाली उभा राहील, थोरली त्याची. आणि थोरली ज्याची, घराचा शब्द त्याचा. अमरसिंहानं मान हलवली. पृथ्वीराजानं मानही हलवली नाही. दुसऱ्या दिवशी बाळाबाई सहज म्हणून माळ्याकडं गेली तर अनुजा मोठी बॅग ओल्या फडक्यानं पुसत होती. पुण्याच्या एका क्रेन कंपनीचं पृथ्वीराजाला बोलावणं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. थोरली दादाकडं गेली तर मी तिच्यावर नोकर म्हणून राहणार नाही, असं तो बायकोला म्हणाला होता. बॅग बघून बाळाबाईनं एवढंच विचारलं की उन्हात घालायचीय का. ती परत खाली आली तेव्हा आपण माळ्याकडं कशाला गेलो होतो हे तिला आठवेना.

वाघबिळाच्या चढावर मोनानं पुन्हा फुंकर घातली. मामंजी असते तर काय म्हणाले असते, असं ती आरशात बघत बोलली. बाळाबाईला तेवढंच पाहिजे होतं. तिनं कोडोलीची ती जुनी गोष्ट काढली, जी ह्या मोटारीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होती. वर्धमानाचा बाप कसा म्हणाला की वीस गडी आणि दोरखंड आण, ह्या साखळीचा मला भरवसा नाही. जोतीराम कसा एक शब्द न बोलता चरकाखाली जाऊन उभा राहिला. अमर तेव्हा पोटात होता. म्हाताऱ्यानं कसे हात जोडले. आणि साखळी ओढणारे थोरले दीर, ज्यांचं नाव बाळाबाई आजही घेत नसे, ते कसे चरक बसल्यावर गोठ्यामागं जाऊन भडाभडा ओकले. इथं ती दरवेळी हसायची. आजही हसली.

“खाली उभा राहणारा हसत भाईर आला, आणि वढणारा ओकला,” ती म्हणाली. “एकाच आईची दोन लेकरं. एक वाघ, एक शेळी. असतंयच की घरात.”

अनुजा गडहिंग्लजची. कमी बोलायची, आणि बोलली की सुपारी फोडल्यासारखं. तिनं खिडकीबाहेरच्या उसाकडं बघतच विचारलं.

“आत्ती, तुमी कदी उभ्या ऱ्हायलाय का त्याखाली?”

अमरसिंहानं उगीच हॉर्न वाजवला. रस्ता मोकळा होता. बाळाबाईनं पदर सारखा केला, परत सारखा केला आणि म्हणाली की बायका कशाला उभ्या राहतील, बायकांना दुसरी ओझी काय कमी आहेत. उत्तर चांगलं होतं, पण तिचं तिलाच अर्धं वाटलं. कोडोली येईपर्यंत ती दुसरं शोधत राहिली.

गुऱ्हाळाच्या शेडात तोरण लागलं होतं. मधोमध सिमेंटचा नवा पाया, त्यातनं वर आलेले चार जाड बोल्ट, आणि पायाशेजारी लाकडी ओंडक्यांवर ठेवलेला नवा चरक, हिरव्या रंगाचा, उसाला कधी न शिवलेला. त्याला उचलायचं, पायावर आणायचं आणि बोल्टांवर अलगद टेकवायचं. शेडाचे खांब जवळजवळ होते. हायड्रा आत येणं शक्यच नव्हतं.

वर्धमान आण्णा पांढऱ्या लेंग्यात पुढं आले, वैनी या म्हणाले. त्यांची बायको राजमती आधी बाळाबाईच्या पायांकडं वाकली आणि मग गुडघ्यांची चौकशी केली, कारण तिचेही गेले होते. दोघींचं पटायचं. राजमती सूर्य बुडायच्या आत जेवायची आणि बाळाबाई जेवणात कांदा नसेल तर जेवलेच नाही म्हणायची, पण ऊस, सुना आणि गुडघे ह्या तीन बाबतींत त्यांचं एकमत होतं.

पृथ्वीराजानं तीन पायांचा लोखंडी घोडा उभा केला होता, असा की त्याचा माथा बरोबर सिमेंटच्या पायावर यावा. माथ्याला थोरली टांगली होती. घोड्याच्या प्रत्येक पायाखाली त्यानं जाड फळी घातली, वर उभा राहून नाचून बघितलं, तिसऱ्या पायाशी थोडा थांबला, टाचेनं जमीन दाबून बघितली. आण्णांना त्यानं विचारलं की इथं आधी काय होतं. आण्णा म्हणाले, काही नाही, जमीनच. मग त्यानं डोळे मिटून उचलायची साखळी हातातनं काढायला सुरुवात केली, एकेक कडी अंगठ्याखालनं. जोतीराम असंच करायचा. बाळाबाईला ते बघवलं नाही आणि नजरही काढवली नाही. बापाचं सगळं घेतलं ह्यानं, तिला वाटलं, छाती तेवढी घ्यायची राहिली.

पट्टे बसले, हूक लागला. दोघा भावांनी चरक ढकलत, पहारीनं सरकवत सिमेंटच्या पायाच्या वर आणला आणि पृथ्वीराजानं ओंडक्यांवरनं तो हातभर उचलला. ओंडके काढले. आता फक्त खाली सोडायचा होता. त्यानं हात चोळले आणि भावाकडं बघितलं.

आण्णा खाकरले. ते म्हणाले की वैनी, आमच्या आप्पांनी जाताना सांगितलं होतं, चरक बदलाल तेव्हा जोतीरामाच्या घरचा माणूस खाली उभा राहिल्याशिवाय ऊस घालू नका. हे त्यांनी हसत सांगितलं, पण मागं त्यांचे सगळे भाऊबंद उभे होते आणि ते हसत नव्हते.

बाळाबाईनं अमरसिंहाला खूण केली. त्यानं पुढं होऊन साखळी घेतली आणि ओढायला लागला. थोरलीची चाकं कटकट बोलायला लागली. चरक कमरेला आला, छातीला आला, माणसाच्या डोक्यावर गेला. पृथ्वीराज बाजूला उभा राहून बघत होता. त्याच्या मानेवरची शीर बाळाबाईला लांबनं दिसत होती.

“जा,” ती म्हणाली. “आजऱ्याचं फेडून टाक.”

“हातभर उचलायचं काम, पुरुषभर उचललंय,” तो म्हणाला. “ते खाली घ्या आधी.”

“मी तुला काय सांगितलं?”

“मी न्हाय जाणार, आई. आणि कुणाला जाऊबी देणार न्हाय.”

अमरसिंह म्हणाला की मग मी जातो, वाद कशाला. तो खरंच निघाला. भित्रा नव्हता तो. त्यानं साखळी सोडली आणि दोन पावलं टाकली, तेवढ्यात पृथ्वीराजानं सोडलेली साखळी उचलली, घोड्याच्या पायाला दोन वेढे दिले आणि तिथंच, फळीवर, वेढ्यांवर पाठ टेकून बसला. मांडी घालून, पंगतीला बसल्यासारखा. आता साखळी कुणालाच ओढता येत नव्हती.

भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हसलं. मोनानं मोबाईल वर केला होता. बाळाबाईला त्या सगळ्यांतनं फक्त एकच दिसत होती, अनुजा. अनुजा खांबाला टेकून सासूकडं बघत होती आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मोटारीतला प्रश्न तेवढा तिथं उभा होता.

बाळाबाई चालायला लागली. कुणाला कळायच्या आत ती बोल्टांच्या मधे, पायाच्या मध्यावर, चरकाखाली जाऊन उभी राहिली. कुणीतरी वैनी म्हणालं, कुणीतरी आत्ती. तिनं हात वर केला आणि बुडाला तळवा लावला. लोखंड गार होतं आणि वंगणानं चिकट.

“ह्या घरात पुरुष सरले असतील,” ती म्हणाली, “तर मी हाय. आता वढ.”

पृथ्वीराज जागचा हलला नाही. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

“न्हाय वढणार.”

“मी सांगतोय, वढ.”

“तू तिथनं भाईर ये. मग वढतो.”

तिनं वर बघितलं. इतकी वर्षं ही गोष्ट तिनं सांगितली, दर पाहुण्याला, दर सुनेला, आणि खालून काय दिसतं हे तिला माहीत नव्हतं. वर फक्त काळोख होता, चौकोनी, डोक्यापेक्षा मोठा. वंगणाचा एक थेंब लोंबत होता. साखळी दिसतच नव्हती. ज्या साखळीचा भरवसा लोकांना दाखवायचा, ती खालच्या माणसाला दिसतच नाही. दिसतो फक्त तो, ज्याच्या हातात ती आहे. जोतीरामानं ह्या जागेवरून काय बघितलं असेल? भावाचं तोंड बघितलं असेल. दुसरं काय होतं बघायला?

पण माघार घ्यायची तर शंभर डोळ्यांदेखत. बाळाबाईला ती सवय नव्हती.

“अमर,” ती म्हणाली. “तू वढ.”

अमरसिंह आईकडं बघायला लागला, मग भावाकडं, मग आण्णांकडं. आयुष्यभर त्यानं आईचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्या शब्दावर तो शाळेत गेला, शाळा सुटली, मोनाशी लग्न केलं, क्रेन घेतल्या. तो पृथ्वीराजाजवळ गेला आणि हळू काहीतरी बोलला. पृथ्वीराजानं विचारलेलं मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

“दादा, तिच्या डोक्यावर वढणार?”

“तिनंच सांगितलंय न्हवं,” अमरसिंह म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. त्यानं भावाला खांद्याला धरून बाजूला सारलं, वेढे सोडवले आणि साखळी ओढली.

कट. चाक बोललं. चरक बोटभर वर गेला. परत कट. आणि तिसऱ्या ओढीला घोड्याच्या तिसऱ्या पायाखालची फळी करकरली. पाय खचला, फार नाही, वीतभर. पण वरचं ओझं तेवढ्यानं झुललं, बाळाबाईच्या केसांवरनं हवा गेली आणि घोड्याच्या माथ्यावरच्या गंजाची धूळ तिच्या डोळ्यांत पडली.

मोना किंचाळली. अवो सोडा ती, सोडा ती, असं ती म्हणत होती आणि तिचा मोबाईल कधीचा जमिनीवर पडला होता. अमरसिंहाच्या हातात साखळी तशीच होती. त्याला ओढायचं सुचत नव्हतं आणि सोडायचंही.

पृथ्वीराज आईकडं धावला नाही. हे बाळाबाईनं डोळे चोळत बघितलं आणि आधी तिला त्याचाच राग आला. तो खचलेल्या पायाकडं गेला, पहार घेतली, फळीखाली घातली आणि तिच्यावर सगळं अंग टाकलं. अनुजा खांब सोडून आली आणि नवऱ्याशेजारी त्याच पहारीवर ओणवी झाली. तसाच वाकलेला असताना तो बोलला, लहान पोराला विहिरीच्या काठावरनं बोलवावं तसा हळू.

“दादा, हात सोड. साखळी सोडून दे, ती तिथल्या तिथं ऱ्हाती. आई, डाव्या अंगानं ये. वर बघू नगंस. बोल्ट चुकव.”

ती डाव्या अंगानं आली. बोल्ट चुकवले. शेडाबाहेरच्या उन्हात आल्यावर राजमतीनं तिला धरून पोत्यावर बसवलं, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या हातात दिला. पाणी हनुवटीवरनं सांडलं. राजमती नवऱ्याकडं न बघता म्हणाली की तिसरा पाय जिथं आहे तिथं सासऱ्यांच्या वेळचा राखेचा खड्डा होता. दरवर्षी ती बायकांबरोबर तिथं राख टाकायची. वरनं माती पडून वर्षं झाली. पुरुषांना विचारलं, पुरुषांनी जमीन म्हणून सांगितलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

पुढचं सगळं पृथ्वीराजानं केलं. त्यानं ओंडके पुन्हा रचून चरक त्यांच्यावर उतरवला, घोडा मोकळा केला, खड्डा उकरून राख काढली, दगड भरले, त्यावर लोखंडी पत्रा टाकला. आण्णांच्या भाऊबंदांना त्यानं हातात फावडी दिली आणि त्यांनी ती मुकाट्यानं घेतली. मग परत पट्टे, परत हूक. सगळ्यांना खांबांच्या पलीकडं काढलं, आण्णांनाही. चरक हातभर उचलला आणि हातभरच खाली सोडला. बोल्टांवर तो असा बसला की आवाजही आला नाही.

नारळ फोडायच्या आधी आण्णा बाळाबाईपुढं आले आणि हात जोडून उभे राहिले. आप्पांचा शब्द पाळायला गेलो, म्हणाले. बाळाबाई म्हणाली की आप्पांना सांगा, जोतीरामाच्या घरचं माणूस उभं राहिलं होतं. तेवढी ऐट अजून तिच्यात होती.

मग तिला अमरसिंह दिसेना.

ती पोत्यावरनं उठली. राजमतीचा हात तिनं झिडकारला. शेडाला वळसा घालून ती गोठ्यामागं गेली, का गेली हे तिला नीट सांगता आलं नसतं. तिथं भिंतीला एक हात टेकून अमरसिंह ओकत होता. चाळिशी उलटलेला, दोन क्रेनचा मालक, आणि पाठ लहान पोरासारखी हलत होती. मोना त्याच्या मागं उभी होती, हात लावू का नको अशी.

बाळाबाई जागेवर थांबली. हीच भिंत होती ती. मोटारीत ती हसली होती. चाळीसवर वर्षं ती हसत आली होती. जोतीराम खाली उभा राहिला हे सगळ्या जिल्ह्यानं लक्षात ठेवलं. ज्या भावानं त्याच्या डोक्यावर साखळी ओढली, कडी कडी, दात आवळून, त्यांची शेळी तिनं केली होती. त्यांनी पुढं कधी साखळीला हात लावला नाही. शेवटपर्यंत म्हशी राखल्या. का, हे घरात कुणी विचारलं नाही.

ती पुढं गेली आणि लेकाच्या पाठीवरनं हात फिरवला, वरनं खाली.

“मी सांगितलं म्हणून तू वढलंस,” ती म्हणाली. “ते माझ्या डोक्यावर. तुझ्या न्हाय.”

अमरसिंहानं तोंड पुसलं. मोनानं डोळ्यांना पदर लावला आणि पहिल्यांदाच फुंकर घातली नाही.

परत शेडात आली तेव्हा पृथ्वीराज थोरली उतरवून पोत्यावर ठेवत होता. साखळीला लागलेली राख अनुजा फडक्यानं पुसत होती. बाळाबाईला बघून अनुजा उठायला लागली. बाळाबाईनं तिला बसूनच राहा म्हणून सांगितलं आणि विचारलं की ती मोठी बॅग वाळली का. अनुजानं नवऱ्याकडं बघितलं. अजून ओली हाय, ती म्हणाली. बाळाबाई म्हणाली, मग माळ्यावर टाक, आता पावसाळ्यापर्यंत लागायची नाही.

आण्णा, राजमती, त्यांचे भाऊबंद, गोठ्याकडनं आलेला अमरसिंह, सगळे आपापल्या जागी थांबले. बाळाबाईनं कमरेवर हात ठेवला. केसांत अजून गंज होता. पृथ्वीराजानं वर बघितलं, शिव्या खायची तयारी करून.

“आजऱ्यात तू माझं नाक कापलंस,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “ते कापलंसच. त्याची माफी मी देत न्हाय, मागूबी नगंस. पण थोरली तुझी. दादा काम आणील, साखळी तू धरायची. आणि उद्यापासनं हिच्याखाली कुणीबी येऊन उभं ऱ्हायलं, पावणा असू दे, न्हाईतर मी परत येऊन उभी ऱ्हायलो आणि वढ म्हणून तुला आईची शपथ घातली, तरी तू साखळीला वेढं द्यायचं आणि आज बसलास तसं मांडी घालून बसायचं.”